रोखीने घेतलेल्या गोळ्या

डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला बायपोलर टू आहे," आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: हे ग्रीन कार्डच्या फॉर्मवर लिहावं लागतं का?

डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. लोक विचारतात, मी बरी होईन का, मुलांना होईल का, गाडी चालवू का. हा प्रश्न त्यांना बहुधा पहिल्यांदाच कुणी विचारला असावा. त्या म्हणाल्या, ते मला माहीत नाही, तुमच्या वकिलाला विचारा. आमचा वकील म्हणजे मंदारच्या, माझ्या नवऱ्याच्या, कंपनीचा वकील. त्याला विचारलं म्हणजे कंपनीला सांगितलं, असं आम्ही गाडीत बसेपर्यंत ठरवूनही टाकलं. म्हणून नाही विचारलं.

हे वाचणाऱ्या कुणाला असाच प्रश्न पडला असेल तर आधीच सांगते, विचारा. आम्ही न विचारल्यामुळे काय झालं, तेच सांगायला मी बसले आहे.

ही गोष्ट ऑक्टोबर २००६ ची. आम्ही नेपरव्हिलला राहायचो. मंदार रोज सकाळच्या गाडीने शिकागोला ऑफिसात जायचा. मी मूळची नागपूरची, तिथल्या कॉलेजात सात वर्षं केमिस्ट्री शिकवलेली. इथे आले ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. मुलगी ईरा सहा वर्षांची, पहिलीत.

त्या ऑगस्टमध्ये मी जोरात होते. इथल्या मराठी मंडळाच्या मराठी शाळेचा चार इयत्तांचा अभ्यासक्रम मी नऊ दिवसांत एकटीने लिहून काढला. स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला, तो आवडला नाही म्हणून आठवड्याने हिरवा दिला. झोप तीन तास, आणि तरी थकवा म्हणून नाही. मंडळातल्या बायका म्हणायच्या, केवढी एनर्जी गं तुझी! मलाही वाटायचं, आता कुठे मी मूळ पदावर आले. मग सप्टेंबरात एका सोमवारी सकाळी उठून सोफ्यापर्यंत गेले आणि तिथेच बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. ईरा शाळेतून आली की दारातूनच विचारायची, "Is it a couch day, Aai?" हा शब्द तिनेच काढला. मी हो म्हटलं की ती दप्तर हळूच ठेवून स्वतःचं दूध स्वतः घ्यायची. सहा वर्षांची मुलगी आवाज न करता फ्रिज उघडायला शिकली, याची मला आजही लाज वाटते.

फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं तपासलं. सगळं ठीक. त्यांनी सायकिअ‍ॅट्रिस्टचं नाव दिलं. तिथे सव्वा तास प्रश्न झाले आणि मग ते दोन शब्द आले.

बायपोलर म्हणजे मन दोन टोकांना जातं. वरच्या टोकाला हायपोमेनिया, म्हणजे उन्मादाच्या अलीकडचं एक स्टेशन. त्यात माणूस वेडंवाकडं वागत नाही, उलट कौतुकच होतं. खालच्या टोकाला डिप्रेशन. 'टू' म्हणजे दुसरा प्रकार, ज्यात वरचं टोक बेताचं असतं आणि खालचं खोल. डॉक्टर म्हणाल्या, रंग दोनदा दिलात ना, तो आजाराचाच भाग होता. मला ते फार लागलं. सोफा आजाराचा हे मी मान्य केलं असतं, पण तो अभ्यासक्रम माझा होता.

त्यांनी लॅमोट्रिजिन नावाची गोळी लिहून दिली. ती मूड स्टॅबिलायझर, म्हणजे दोन्ही टोकं आवरून धरणारी. तिची एक अट असते. पंचवीस मिलिग्रॅमपासून सुरुवात करायची आणि आठवड्या-आठवड्यांनी चढत दोनशेपर्यंत जायचं. घाई केली तर अंगावर गंभीर रॅश येऊ शकते, क्वचित जिवावर बेतणारी. आणि मध्ये काही दिवस खंड पडला तर पुन्हा पंचवीसपासून सुरुवात. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी केमिस्ट्रीची बाई, मान हलवून म्हटलं, समजलं.

आता इन्शुरन्सचं. आमचा हाय डिडक्टिबल प्लॅन होता. दर महिन्याचा हप्ता अगदी कमी, पण वर्षातले पहिले चार हजार डॉलर आपल्या खिशातून गेल्याशिवाय इन्शुरन्स कंपनी मदतीला येत नाही. ते चार हजार म्हणजे डिडक्टिबल. हा प्लॅन मंदारने आदल्या नोव्हेंबरात निवडला होता. त्याच्या ऑफिसात आपले बारा जण एकत्र डबा खायचे. दर नोव्हेंबरात मंदार सगळ्यांसाठी एक एक्सेल शीट करायचा, कुठला प्लॅन स्वस्त ते दाखवणारं. त्यात प्रत्येक घरासमोर दोन रकाने असत, वर्षात डॉक्टरकडे किती वेळा आणि नेहमीची औषधं किती. बाराही घरांसमोर शून्य आणि शून्य. आपण तिशीतले, धट्टेकट्टे, आजारी पडायला कुणाला वेळ आहे? शीट म्हणायचं हाय डिडक्टिबल घ्या, आणि बाराही जण घ्यायचे.

फार्मसीच्या काउंटरवर मी पर्समधून कार्ड काढत होते, तेव्हा मंदारने माझा हात धरला. बाहेर येऊन त्याने हिशेब मांडला. चार हजार होईपर्यंत पैसे आपलेच जाणार, मग कार्ड दाखवलं काय आणि नाही काय? दाखवलं तर तुझं नाव आणि या गोळीचं नाव एकत्र कुठेतरी कायमचं नोंदलं जाणार. उद्या कंपनी बघेल, परवा इमिग्रेशनवाले बघतील. त्यापेक्षा रोख देऊ. मला ते पटलं. इतकं पटलं की मी म्हटलं, डॉक्टरांच्या व्हिजिटचेही रोखच देत जाऊ. दोन शिकलेली माणसं फार्मसीच्या पार्किंग लॉटमध्ये उभं राहून असं काही ठरवू शकतात, हे आज मलाही खरं वाटत नाही.

नोव्हेंबरात प्लॅन बदलायची संधी होती. तीही घेतली नाही. एकदम महागडा प्लॅन घेतला तर एचआरला शंका येईल, असं मंदारचं म्हणणं. एचआरमध्ये बसलेली बाई हजारभर लोकांचे फॉर्म हाताळत होती, तिला आमच्यावर शंका घ्यायला फुरसत असेल असं आम्हाला खरंच वाटत होतं.

गोळी मात्र लागू पडली. डिसेंबरात शंभरावर होते, जानेवारीत दोनशेवर. कसं वाटतं हे सांगणं अवघड आहे, कारण काहीच वाटत नाही. म्हणजे सकाळी उठले, डबा भरला, बर्फ काढलं, ईराला बसपर्यंत सोडलं, आणि यातलं काहीच पराक्रमासारखं वाटलं नाही. 'काउच डे' हा शब्द घरातून गेला. मला हिरव्या भिंती आवडू लागल्या.

दोनशे मिलिग्रॅम म्हणजे शंभराच्या दोन गोळ्या. महिन्याला जवळपास तीनशे डॉलर, वर डॉक्टरांची फी. मंदारने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. पुण्याचा माणूस, पार्किंगचे दोन डॉलर वाचवायला अर्धा मैल चालणारा, पण गोळ्यांचे पैसे मोजताना त्याने कधी उसासा टाकला नाही. तो उसासा मीच टाकायची. ज्या घरात मी एक डॉलर आणत नव्हते, तिथून दर महिन्याला तीनशे माझ्या डोक्यावर जात होते. खर्च डोक्यावर होतो हे मी आयुष्यात प्रथमच शब्दशः अनुभवत होते.

मेमध्ये मला वाटलं, आता तर मी बरी आहे. हे वाक्य या आजारात फार धोक्याचं, कारण ते खरं असतं आणि गोळीमुळेच खरं असतं. मी दोनऐवजी एक गोळी घेऊ लागले. मंदारला सांगितलं नाही. महिन्याची बाटली दोन महिने पुरली आणि मला अगदी गृहकृत्यदक्ष वगैरे वाटलं.

मग जूनच्या मध्यावर बातमी आली की ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेल्या सगळ्यांच्या अर्जाच्या तारखा एकदम मोकळ्या होणार. जुलैत अर्ज भरा. अर्जाबरोबर मेडिकल हवी, आणि ती सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडेच. आमच्या भागातले सगळे देशी फोनला चिकटले. आम्हाला जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली वेळ मिळाली. मेडिकलमध्ये रक्त काढतात, एवढं मला माहीत होतं. रक्तात लॅमोट्रिजिन सापडेल, असं माझ्या मनाने घेतलं. केमिस्ट्री शिकवलेल्या बाईने हे म्हणावं! जी तपासणी कुणी मागवलेलीच नाही, ती प्रयोगशाळा करत नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगितलं असतं. पण भीतीपुढे माझी डिग्री काही कामाची ठरली नाही. मेडिकलच्या दोन आठवडे आधी मी गोळी पूर्ण बंद केली.

दहाव्या दिवशी ईरा उन्हाळी कॅम्पहून आली, दारात थांबली, माझ्याकडे नीट बघितलं आणि काही न विचारता दप्तर हळूच खाली ठेवलं.

मेडिकलच्या दिवशी ती वेटिंग रूम एखाद्या मंगल कार्यालयासारखी भरली होती. निम्मे चेहरे मंडळातले. सगळे एकमेकांना हात करत होते, यार तुझीपण डेट आली का, म्हणत होते, लसींचे कागद दाखवत होते. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. मंदार तिघांच्या फाइली मांडीवर घेऊन होता. मी बरी नाही हे त्याला दिसत होतं, पण कारण माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं मेडिकलचं टेन्शन.

डॉक्टर म्हातारे होते, सत्तरीचे. रक्त झालं, टीबीची चाचणी झाली, मग ते फॉर्म घेऊन समोर बसले. कुठला मानसिक आजार? मी याचं उत्तर नऊ महिने पाठ केलेलं होतं: नो. एका अक्षराचं काम. पण खरं सांगते, त्या दिवशी माझ्यात खोटं बोलण्याइतकीही ताकद नव्हती. मी म्हटलं, बायपोलर टू. त्यांनी वर न बघता विचारलं, औषध काय घेता? मी म्हटलं, दोन आठवडे काहीच नाही. का? मी म्हटलं, यासाठी. आणि त्यांच्या हातातल्या फॉर्मकडे बोट दाखवलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हा प्रश्न आजारी माणसांना अडवायला नाही," ते म्हणाले. "आजारामुळे कुणाला इजा होण्यासारखं वागणं झालंय का, एवढंच मला बघायचं असतं. उपचार घेणाऱ्या बाईबद्दल दोन ओळी लिहायला मला काहीच अडचण नाही. माझ्यासाठी उपचार सोडलेल्या बाईबद्दल मी काय लिहू? आजच्या आज तुमच्या डॉक्टरांना फोन करा, आणि त्यांचं एक पत्र मला आणून द्या."

एवढंच. ज्या प्रश्नासाठी आम्ही नऊ महिने चोरासारखे वागलो, त्याचं उत्तर एका मिनिटात संपलं. मग त्यांनी विचारलं, धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं?

गाडीत मी मंदारला सगळं सांगितलं. मेपासूनचं. तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने गाडी परत पार्क केली.

"वैशू, पैशासाठी?" तो म्हणाला. "माझ्या एका शीटमुळे तू हे केलंस?"

मग तो रडला. मी त्याला लग्नानंतर पहिल्यांदा रडताना बघितलं. मागच्या सीटवरून ईराने टिश्यूचा डबा पुढे केला.

त्याच दुपारी माझ्या डॉक्टरांनी मधल्या वेळात बोलावलं. रागावल्या, पण थोड्याच. पुन्हा पंचवीसपासून सुरुवात, म्हणजे दोनशेवर पोचायला सहा-सात आठवडे. तोवर दर आठवड्याला फोन. खाली आणखी गेलात तर इमर्जन्सी रूम, वाट बघायची नाही. पत्र त्यांनी समोरच टाइप केलं. मग त्यांनी विचारलं, गोळी किती पडते तुम्हाला? मी सांगितलं. त्या खरोखर दचकल्या. डॉक्टरांना किंमत माहीत नसते, कारण त्यांना ती कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, शंभराची एक आणि दोनशेची एक गोळी जवळपास सारख्याच किमतीला मिळते, मी चढवताना शंभराच्या लिहिल्या आणि तशाच ठेवल्या, चूक माझी. दोनशेची एक लिहिली की खर्च निम्मा. सुरुवातीच्या आठवड्यांसाठी त्यांनी कपाटातून सॅम्पलची पाकिटं काढून दिली.

त्यांच्या ऑफिसात बिलिंग बघणारी शेरिल नावाची बाई होती. डॉक्टरांनी आम्हाला तिच्यासमोर नेऊन बसवलं. कार्ड आहे आणि दाखवलं नाही, हे ऐकून शेरिलने आधी मंदारकडे आणि मग माझ्याकडे असं बघितलं, की आम्ही दोघांनी एकदमच खाली बघितलं. मग तिने शांतपणे सांगितलं. कार्ड दाखवलं की इन्शुरन्स कंपनीने फार्मसीशी ठरवलेला कमी भाव लागतो, डिडक्टिबल पूर्ण झालेलं नसलं तरीही. आणि खिशातून गेलेला प्रत्येक डॉलर त्या चार हजारांत धरला जातो. तुम्ही या वर्षात जे भरलंत त्यातलं कंपनीच्या लेखी काहीच नाही. तुम्ही त्यांच्या दृष्टीने ठणठणीत आहात. आणि तुमच्या नवऱ्याच्या मालकाला कोण कुठली गोळी घेतं हे इन्शुरन्स कंपनी सांगत नाही, तसा कायदा आहे.

तिने पुढे विचारलं, एचएसए आहे का? एचएसए म्हणजे अशा प्लॅनबरोबर मिळणारं औषधपाण्याचं बचत खातं. मंदार म्हणाला, आहे, कंपनी त्यात दर वर्षी हजार डॉलर टाकते, पण आम्ही हात लावलेला नाही. त्याचं डेबिट कार्ड घरच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं, वरचं स्टिकरसुद्धा न काढलेलं.

शेरिल म्हणाली, पावत्या ठेवल्या असत्या तर काहीतरी करता आलं असतं.

मंदार उठला आणि गाडीतून एक निळी फाइल घेऊन आला. मेडिकलला लागतील म्हणून आणलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात तीही आली होती. फार्मसीची प्रत्येक पावती, डॉक्टरांची प्रत्येक पावती, तारीखवार, पंच करून, वर अनुक्रमणिका. ज्या गोष्टीचा पत्ता कुणाला लागू नये म्हणून आम्ही रोख पैसे दिले, तिचे सगळे पुरावे या माणसाने स्वतःच्या हस्ताक्षरात नंबर घालून जपले होते. मी विचारलं, अरे, कशासाठी? तो म्हणाला, पावती फेकवत नाही. कित्येक आठवड्यांनी मी हसले. शेरिलही हसली आणि तिने ड्रॉवरमधून क्लेम फॉर्मचा गठ्ठा काढला.

सगळे क्लेम मान्य झाले नाहीत. काही नाकारले, काही दोनदा पाठवावे लागले, काही फोनवर पाऊण तास तीच धून ऐकत थांबून सोडवावे लागले. हे काम मी अंगावर घेतलं. फोनवरच्या माणसाचं नाव, वेळ, तो काय म्हणाला, सगळं एका वहीत. आजारी असताना हे जमत नाही, म्हणून घरात दुसरं कुणी करणारं असेल तर त्याच्याकडे द्या. पण बरं होत असताना हे काम फार चांगलं. त्या वर्षातल्या बहुतेक पावत्या डिडक्टिबलमध्ये धरल्या गेल्या, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस चार हजार पूर्ण झाले. नोव्हेंबरची बाटली घ्यायला गेले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने सांगितलेली रक्कम मला तिला परत विचारावी लागली.

मधले सात आठवडे सोपे नव्हते, हे लपवत नाही. ऑगस्टचे कित्येक दिवस काउच डे होते. फरक इतकाच की आता ते तिघांनाही माहीत होतं. मंदार मंगळवारी आणि गुरुवारी घरून काम करायचा. ईराने कॅलेंडरवर माझ्या गोळीच्या चढत्या पायऱ्या काढल्या होत्या आणि पायरी बदलली की ती स्टिकर चिकटवायची.

आणि मग नोव्हेंबर आला आणि मंदार शीट करायला बसला. मी शेजारी चहा घेत होते. आमच्या नावापुढच्या दोन रकान्यांवर येऊन तो थांबला. शून्य आणि शून्य.

"काय लिहू?" त्याने विचारलं. "हे सगळ्यांना जातं. तू म्हणशील तसं. शून्यच ठेवू का?"

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. पहिल्या रकान्यात सहा. दुसऱ्यात लिहिलं: लॅमोट्रिजिन, दोनशे मिलिग्रॅम, बारा महिने. खाली शीटने आपोआप उत्तर बदललं. आमच्यासाठी जास्त हप्त्याचा, ठरावीक को-पेचा, म्हणजे दर वेळी ठरलेली छोटी रक्कमच भरायचा, प्लॅन स्वस्त निघाला. गेल्या वर्षीही तोच निघाला असता.

मंदारने 'सेंड' दाबायच्या आधी एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जाऊ दे.

डब्याच्या वेळी कुणी काहीच बोललं नाही म्हणे. प्लॅनच्या गप्पा झाल्या, क्रिकेटच्या झाल्या. मला जरा वाईट वाटलं, जरा सुटल्यासारखंही. चार दिवसांनी, मंदार ऑफिसात असताना फोन वाजला. त्या बारांपैकी एकाची बायको, मंडळात दोन-तीनदा भेटलेली, एरवी फारसं न बोलणारी. आधी ती इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "वैशालीताई, ते शीटमध्ये तुमच्या नावापुढे आहे ना... आमच्या शून्यात पण एक गोळी आहे. तीन वर्षं झाली. यांनापण माहीत नाहीये की मी ती कॅश देऊन घेते."

मी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि वही उघडली.

"पावत्या ठेवल्या आहेस का?" मी विचारलं.